पश्चात्तापाची रोजकीर्द

इ. स. ३९० मध्ये ग्रीस देशातील थेसलोनिका नगरात रथांच्या शर्यतीतील एका लोकप्रिय सारथ्याला कैद झाली, आणि त्याची सुटका होत नाही असे पाहून बिथरलेल्या जमावाने तेथील लष्करी अंमलदार बुथेरिक याचा खून केला. सम्राट थिओडोसियस त्या वेळी इटलीत, मिलानच्या मुक्कामी होता. वार्ता कानी पडताच त्याचा संताप अनावर झाला, त्याने नगराला जन्माची अद्दल घडविण्याचा हुकूम सोडला, आणि राग निवळल्यावर तो हुकूम तहकूब करणारा दुसरा जासूद मागोमाग पाठविला असे म्हणतात. परंतु तो पोहोचेपर्यंत अपराधी कोण आणि निरपराध कोण याची विचारपूस न करता शिपायांनी नागरिकांची सरसकट कत्तल करून टाकली होती.

मिलानचा बिशप अँब्रोज हा धर्मपदावर येण्यापूर्वी त्याच प्रांताचा सुभेदार होता, त्यामुळे हुकूम कसे सुटतात आणि सुटल्यावर ते कसे आवरत नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक होते. रुबेन्स आणि व्हॅन डाइक या थोर चित्रकारांनी पुढे जो प्रसंग रंगविला, त्यात हा बिशप चर्चच्या दारात सम्राटाला आडवा झालेला दिसतो; पण तो देखावा नंतरच्या इतिहासकारांच्या लेखणीतून उतरलेला आहे, आणि मूळ हकीकत त्याहून साधी असल्यामुळेच मला अधिक परिणामकारक वाटते. अँब्रोजने सम्राटाला एक खाजगी पत्र लिहिले, तेही इतरांच्या नजरेस पडू नये म्हणून स्वहस्ते. त्यात त्याने इस्राएलाच्या दावीद राजाची आठवण दिली: उरीया नावाच्या आपल्याच सैनिकाची पत्नी राजाने हिरावली, उरीयाला लढाईच्या आघाडीवर धाडून मारविले, आणि नाथान संदेष्टा समोर येऊन उभा राहिला तेव्हा सबबी न सांगता त्याने अपराध कबूल केला. दावीद राजा असून हे करू शकला, तर आपणासही ते कमीपणाचे नाही, आणि आपण ते करेपर्यंत आपल्या उपस्थितीत प्रभुभोजनाचा विधी करणे मला शक्य नाही, असा त्या पत्राचा आशय होता.

थिओडोसियसने ते मानले. राजचिन्हे उतरवून तो इतर पापनिवेदकांप्रमाणे चर्चमध्ये सर्वांदेखत रडला, आणि त्या वर्षीच्या नाताळात त्याला पुन्हा प्रभुभोजनात घेण्यात आले. सम्राटाचे अश्रू लोकांच्या ध्यानात राहिले हे साहजिक आहे, पण पाचव्या शतकातील थिओडोरेट या इतिहासकाराने सांगितलेला एक तपशील मला त्या अश्रूंहून मोलाचा वाटतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे अँब्रोजने सम्राटाकडून एक कायदा करवून घेतला: यापुढे मृत्युदंडाच्या कोणत्याही आज्ञेची अंमलबजावणी तीस दिवस तहकूब ठेवावी, आणि मुदत संपल्यावर तो कागद पुन्हा सम्राटापुढे रुजू करावा. आपल्या स्वभावात राग आहे आणि तो उद्याही येणार आहे, हे ओळखून त्याच्या वाटेवर तीस दिवसांचा बांध घालणे, हा पश्चात्तापाचा खरा व्यवहार होय. ख्रिस्ती परंपरेने गेली दोन हजार वर्षे या विषयाचा जो ऊहापोह केला, त्यात एक धागा सतत हाती लागतो, तो हाच: मनाचा उमाळा येतो आणि जातो, म्हणून पश्चात्तापाला नियम लागतो, वेळ लागते, आणि ज्याचे नुकसान झाले त्याच्याशी हिशेब पुरा करावा लागतो.

या हिशेबाचा नमुना लूककृत शुभवर्तमानात आहे. यरीहो नगराचा मुख्य जकातदार जक्कय हा ठेंगू होता, गर्दीतून येशू दिसेना म्हणून तो उंबराच्या झाडावर चढला, आणि येशूने त्याला हाक मारून आज मी तुझ्याच घरी उतरणार असे सांगितले. रोमन अमदानीतील जकातदार म्हणजे ठरीव रकमेवर वर जे उकळता येईल ते आपले म्हणणारा माणूस; त्याच्या घरी हा गुरू जेवायला जातो हे पाहून लोक कुरकुरू लागले. जक्कयाने त्या वेळी जे उद्गार काढले त्यांत आपण किती दुःखी आहोत याविषयी अवाक्षर नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याच्याकडून अन्यायाने काही घेतले असेल त्याला चौपट परत, असे दोन आकडे त्याने सांगितले. येशूने ते मागितलेही नव्हते. मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे आपण होऊन अपराध कबूल करणाऱ्याने मुद्दलावर पाचवा हिस्सा अधिक भरावा एवढेच बंधन होते. चौपट भरपाई ही मेंढी चोरून मारणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोराची शिक्षा. नाथानाने गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली तेव्हा, ती आपलीच गोष्ट आहे हे न उमगलेल्या दावीदाने आरोपीला हाच चौपटीचा दंड फर्मावला होता. जक्कयाने तो दंड स्वतःलाच ठोठावून घेतला.

प्रारंभीच्या शतकांत ख्रिस्ती मंडळीचा या बाबतीतला शिरस्ता फार कडक होता. बाप्तिस्म्याने पूर्वीची पापे धुतली जातात. पण त्यानंतर कोणी मूर्तीला बळी दिला, खून केला किंवा व्यभिचार केला, तर काय? इ. स. २४९ ते २५१ या काळात सम्राट डेसियसने प्रत्येक प्रजाजनाने देवांना बळी देऊन तसा लेखी दाखला घ्यावा असे फर्मान काढले, तेव्हा हा प्रश्न एकदम हातघाईवर आला, कारण कित्येकांनी जिवाच्या भीतीने बळी दिला आणि कित्येकांनी लाच देऊन नुसता दाखला मिळविला. छळ थांबल्यावर हे सर्व लोक परत दाराशी आले. रोममध्ये नोव्हेशियन नावाचा धर्मगुरू म्हणाला, यांना कदापि आत घेऊ नये. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने मधला मार्ग धरला, घ्यावे, परंतु दीर्घ प्रायश्चित्तानंतर. त्याचाच पुढे रिवाज झाला. पापनिवेदक जाडीभरडी वस्त्रे पांघरून उपासनेला येत, येणाऱ्याजाणाऱ्याला आपल्यासाठी प्रार्थना करण्याची विनवणी करीत, प्रभुभोजनापासून वंचित राहत, आणि मुदत भरल्यावर बिशप त्यांच्या मस्तकावर हात ठेवून त्यांना परत मंडळीत घेई.

या व्यवस्थेत एक मोठे वैगुण्य होते. हे प्रायश्चित्त आयुष्यात एकदाच मिळे. त्याचा परिणाम मनुष्यस्वभावाला धरून झाला: लोक ते पुढे ढकलू लागले, आणि पश्चात्ताप ही जगण्याची रीत होण्याऐवजी मरणशय्येवरील उरकाउरक होऊन बसली.

त्यावर उतारा निघाला तो रोममध्ये निघाला नाही. आयर्लंडच्या हिरव्या आणि ओलसर बेटावरील मठवासीयांनी सहाव्या शतकात वेगळीच पद्धत रुळविली होती: पाप कितीही वेळा घडो, तितक्यांदा ते एका अनुभवी वडीलधाऱ्याला एकांतात सांगावे, आणि त्याने त्या पापाच्या मानाने प्रायश्चित्त नेमून द्यावे. त्यासाठी त्यांनी चक्क दरपत्रकेच तयार केली. अमुक अपराधाला भाकरी आणि पाणी यांवर इतके दिवस, तमुक अपराधाला इतकी वर्षे देशत्याग. कोलंबेनस नावाचा मठाधिपती ही रीत घेऊन युरोप खंडात उतरला आणि इ. स. ६१५ मध्ये इटलीतील बोबियो येथे मरण पावला. त्याच्या मठाच्या नियमात स्तोत्र आरंभताना खोकल्यामुळे सूर बिघडविणाऱ्याला सहा फटके सांगितले आहेत, हे वाचून आजच्या वाचकाला हसू येईल आणि यावेच. पण त्याच कोलंबेनसच्या नावावर असलेल्या प्रायश्चित्तग्रंथात भांडणात शेजाऱ्याला जखमी करणाऱ्या संसारी माणसासाठी जो नियम आहे, तो वाचताना हसू मावळते. त्याने सर्व नुकसान भरून द्यावे. भरून देण्याची ऐपत नसेल, तर जखमी मनुष्य अंथरुणावर असेपर्यंत त्याचे काम स्वतः करावे आणि त्याच्यासाठी वैद्य आणावा. तो बरा झाल्यानंतर मग आपले चाळीस दिवस भाकरी आणि पाणी यांवर काढावेत. क्रम पाहण्यासारखा आहे. आधी शेजाऱ्याचे काम, मग वैद्य, आणि सर्वांच्या शेवटी स्वतःच्या आत्म्याची शुद्धी.

इ. स. ५८९ मध्ये स्पेनमधील टोलेडो येथील धर्मसभेने पुनःपुन्हा प्रायश्चित्त देण्याची चाल निषिद्ध ठरविली, तरी चाल टिकली आणि निषेध विसरला गेला. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने तर जाणत्या वयाच्या प्रत्येक ख्रिस्ती स्त्रीपुरुषाने वर्षातून निदान एकदा आपल्या धर्मगुरूपाशी पापनिवेदन करावे असा सार्वत्रिक नियम केला. मात्र दरपत्रक आले की सवलत येते, सवलत आली की तिचा बाजार भरतो, हे कोणत्याही कचेरीत वावरलेल्या माणसाला सांगायला नको. उपासाऐवजी दान चालेल, स्वतःच्या उपासाऐवजी दुसऱ्याचा चालेल, इथपर्यंत मजल गेली, आणि सोळाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत टेट्झेल नावाच्या धर्मगुरूसारखे लोक माफीपत्रे विकत हिंडू लागले. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथरने आपले ९५ सिद्धान्त पुढे मांडले. त्यांतील पहिलाच सिद्धान्त पश्चात्तापाचा आहे, आणि ख्रिस्ताला श्रद्धावंताचे सबंध आयुष्यच पश्चात्तापमय हवे आहे, असा त्याचा भावार्थ आहे. ल्यूथरने खाजगी पापनिवेदन टाकून दिले असा जो समज आहे, तो चुकीचा आहे. त्याला आक्षेप होता तो जबरदस्तीला आणि वसुलीला.

ल्यूथरचा समकालीन आणि धर्ममताने त्याच्या अगदी विरुद्ध टोकाला असलेला इग्नेशियस लोयोला हा मूळचा शिपाईगडी. १५२१ मध्ये पांपलोना येथील लढाईत तोफगोळा लागून त्याचा पाय मोडला, आजारपणात संतचरित्रे वाचून त्याचे मन पालटले, आणि त्याने जे ‘आध्यात्मिक साधना’ हे छोटे पुस्तक रचले त्याला १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी मान्यता दिली. ते वाचण्याचे पुस्तक नव्हे, करण्याचे आहे. त्यातील एक रीत मी येथे तपशिलाने सांगतो, कारण या विषयावर इतके व्यवहारी असे दुसरे काही माझ्या पाहण्यात नाही. साधकाने स्वतःचा एकच दोष निवडावा; सगळे दोष एकदम नव्हेत. सकाळी उठताच आज यापासून जपायचे असे मनाशी ठरवावे. दिवसात तो दोष घडला की त्या क्षणी छातीला हात लावावा. हे चारचौघांतही कोणाच्या ध्यानात न येता करता येते, असे इग्नेशियसने आवर्जून सांगितले आहे. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर दोनदा तासातासाचा झाडा घ्यावा, आणि आठवड्याच्या सात दिवसांसाठी वहीत ओढलेल्या रेषांपैकी त्या दिवसाच्या रेषेवर जितक्यांदा दोष घडला तितके ठिपके द्यावेत. दुपारचे ठिपके रात्रीच्या ठिपक्यांशी, कालचे आजच्याशी, मागल्या आठवड्याचे या आठवड्याशी ताडून पाहावेत. पुस्तकात त्या रेषा काढूनही दाखविल्या आहेत, आणि आठवडा सरत जाईल तसतशा त्या आखूड होत जातात, कारण ठिपके कमी व्हावेत अशी अपेक्षा आहे.

सावकाराच्या पेढीवरील रोजकीर्द आणि ही वही यांत फरक एवढाच, की इथे बाकी स्वतःच्याच नावे निघते. काहींना हे कोरडे, हिशेबी आणि भक्तीला न शोभणारे वाटते. मला तसे वाटत नाही. ‘मी फार पापी आहे’ असे म्हणण्यात एक सुप्त सुख असते, त्यात कोणाचेच नाव नसते आणि कोणतीच तारीख नसते. उलट ‘आज दुपारपर्यंत मी तीनदा हाताखालच्या माणसावर विनाकारण ओरडलो’ या वाक्यात पळवाट उरत नाही. पापाचे सामान्यीकरण ही पश्चात्ताप टाळण्याची सर्वांत सभ्य युक्ती आहे.

त्याच शतकात मिलानच्याच गादीवर बसलेल्या कार्लो बोरोमेओ या आर्चबिशपने पापनिवेदनासाठी लाकडी कठड्याची एक बैठक नक्की केली, जिच्यात धर्मगुरू आणि निवेदक यांच्यामध्ये जाळी असावी. १५७७ च्या त्याच्या बांधकामविषयक ग्रंथात तिचे वर्णन आहे. ही जाळी विशेषतः स्त्रियांच्या अब्रूच्या रक्षणासाठी आली. बैठक उघड्यावर, बोलणे मात्र खाजगी, असा दुहेरी बंदोबस्त तिने केला. ऐकलेले धर्मगुरूने कोणत्याही कारणास्तव बाहेर काढता कामा नये हा नियम त्याहून जुना आहे; १२१५ च्या सभेने तो मोडणाऱ्याला पदच्युत करून जन्मभर मठात प्रायश्चित्त भोगायला धाडण्याची तरतूद केली होती. असा ऐकणारा असणे किती महत्त्वाचे, हे येशूचे शिष्य पेत्र आणि यहूदा इस्कार्योत यांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या की ध्यानी येते. दोघांनीही एकाच रात्री गुरूशी द्रोह केला: यहूदाने त्याला पकडून दिले, पेत्राने त्याची ओळखच नाकारली. यहूदाला पस्तावा झाला, त्याने पाप कबूल केले, तीस रुपेरी नाणी परत नेऊन दिली. म्हणजे भरपाईचे कलमही त्याने आपल्या परीने पाळले. पण ज्या याजकांकडे तो गेला त्यांनी त्याचे तूच पाहा असे म्हणून हात झटकले, आणि तो एकटाच बाहेर पडून गळफास घेऊन मेला. पेत्र रडला, आणि आपल्या माणसांत परत गेला.

हा पेत्र मराठीला चारशे वर्षांपासून परिचित आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या टॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतील राशोल येथे छापले गेले हे पुष्कळांना माहीत असते. त्याच्या मागोमाग एतियेन द ला क्रुवा या फ्रेंच येशूसंघीयाने पेत्राचे चरित्र मराठी ओवीत रचले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. दोघेही इग्नेशियसने स्थापिलेल्या येशूसंघाचेच. गोव्यात पापनिवेदनाला कुमसार म्हणतात, आणि ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्तकाळाच्या पाचव्या रविवारानंतरच्या सोमवारी थोरले गोवे येथील सेंट अँड्र्यू चर्चमधून संतांच्या मूर्तींची जी मोठी मिरवणूक निघते, तिची सुरुवात फ्रान्सिस्कन परंपरेतील प्रायश्चित्ती गृहस्थाश्रमींच्या संघाने केली. आज तिच्याभोवती जत्रा भरते, ही गोष्ट वेगळी.

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळींत जाळी नाही आणि कुमसारही नाही, परंतु पश्चात्तापाचा सर्वांत गाजलेला प्रसंग तिथलाच आहे. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ अखेरीस मुली आणि स्त्रिया एकाएकी मोठमोठ्याने रडत, प्रार्थना करीत आपापली पापे कबूल करू लागल्या, आणि या घटनेची वार्ता जगभर पसरली. ज्यांनी ते पाहिले त्यांतील कित्येकांना तो गलका रुचला नाही. एकाएकी हा शब्द मात्र मी सवयीने वापरला. वस्तुस्थिती अशी की जानेवारीपासून सत्तरच्या आसपास जणी रोज सकाळी नेमाने प्रार्थनेला जमत होत्या, आणि ती संख्या महिन्यामहिन्याने वाढत गेली होती. उमाळा आला तो सहा महिन्यांच्या नित्यनेमानंतर आला. तो ओसरल्यावर रमाबाई पुन्हा आपल्या टेबलाशी बसल्या, आणि हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविण्याचे काम १९२२ च्या एप्रिलमध्ये मृत्यू येईपर्यंत करीत राहिल्या.

पश्चात्तापाच्या साधनेतला एक धोका पूर्वीच्या लोकांनी चांगला हेरला होता: स्वतःचे ठिपके मोजणारा माणूस हळूच दुसऱ्याचेही मोजू लागतो. इजिप्तच्या वाळवंटातील मठांत चौथ्या शतकात मोशे नावाचा एक वृद्ध तपस्वी होता, पूर्वायुष्यातला दरोडेखोर. एका बंधूच्या अपराधाचा निवाडा करायला सगळे जमले आणि मोशेला बोलावणे गेले, तेव्हा तो पाठीवर वाळूची फाटकी टोपली घेऊन आला. टोपलीतून वाळू गळत होती. हे काय, असे विचारल्यावर तो म्हणाला की माझी पापे माझ्या पाठीमागे सांडत चालली आहेत, मला ती दिसत नाहीत, आणि मी आज दुसऱ्याचा न्याय करायला आलो आहे. सभा तिथेच मोडली, आणि त्या बंधूला क्षमा मिळाली.

आजचे नियम पूर्वीच्या मानाने फारच सौम्य आहेत. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत प्रायश्चित्तकाळाचे ४६ दिवस भरतात, त्यांतून सहा रविवार वजा केले की ४० उरतात. मागील वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून त्यांची राख कपाळी लावतात. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या संहितेप्रमाणे सक्तीचे उपवास दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. ते अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत लागू, आणि उपवास म्हणजे एक पूर्ण जेवण आणि दोन वेळा थोडेसे खाणे. मांसवर्जन मात्र चौदाव्या वर्षानंतर सर्वांना. उपवास, प्रार्थना आणि दान ही तिन्ही लोकांना दाखविण्यासाठी करू नयेत, हा येशूचा आदेश त्या बुधवारच्या उपासनेत वाचला जातो, त्यामुळे वसईतला किंवा अहिल्यानगरातला आपला ख्रिस्ती शेजारी उपाशी आहे हे तो आपण होऊन सांगणार नाही. तेव्हा वाचकांनी एवढे करावे: पंचांगाबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरातही एकदा डोकावावे, राखेच्या बुधवारी त्याला घरच्या वाढदिवसाच्या जेवणाचा आग्रह करू नये, आणि गुड फ्रायडेला त्याला शुभेच्छा देऊ नयेत; तो सणाचा दिवस नसून सुतकाचा आहे. शुभेच्छा त्यानंतरच्या रविवारी द्याव्यात, आणि जेवायलाही त्याच दिवशी बोलवावे.